कोलोनचे ब्रुनो

कोलोनचे ब्रुनो (जन्म: इ.स. १०३० च्या सुमारास, कोलोन; मृत्यू: ६ ऑक्टोबर, इ.स. ११०१, कलाब्रिया) हे जर्मन धर्मगुरू व कार्थुसियन संघाचे संस्थापक होते. फ्रान्समधील रेंस येथील कॅथेड्रलच्या विद्यालयाचे ते सुमारे वीस वर्षे प्रमुख होते. पुढे पोप झालेले दुसरे अर्बन हे त्यांचे विद्यार्थी होत. रेंसचे आर्चबिशप मानासेस यांच्यावर धर्मपदांच्या विक्रीचा आरोप करणाऱ्यांत ब्रुनो होते. त्यामुळे त्यांना पद गमवावे लागले. इ.स. १०८० मध्ये मानासेस पदच्युत झाले. रिक्त पदासाठी ब्रुनो यांचे नाव पुढे आले. परंतु त्यांनी एकांतवास पत्करला.

इ.स. १०८४ मध्ये ग्रेनोबलचे बिशप ह्यू यांच्या साहाय्याने त्यांनी सहा सोबत्यांसह आल्प्समधील शार्त्रूझ पर्वतराजीत मठ स्थापला. स्वतंत्र कुटी, मौन व प्रार्थना ही तेथील जीवनपद्धती होती. सहा वर्षांनी पोप अर्बन यांनी त्यांना सल्लामसलतीसाठी बोलावले. ते जाताच सोबती पांगले, मात्र लवकरच परतले. इटलीत ब्रुनो यांनी रेज्जोचे आर्चबिशपपद नाकारून कलाब्रियाच्या अरण्यात दुसरा मठ उभारला. शार्त्रूझला ते पुन्हा परतले नाहीत. संघाची नियमावली त्यांच्या मृत्यूनंतर पाचवे मठप्रमुख ग्विगो यांनी लिहिली.