कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर : एका ड्रॉइंग मास्तराची वाटचाल

भोपाळात आपली मराठी कुटुंबे बहुतांशी नोकरीच्या निमित्ताने आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्यप्रदेश झाला, भोपाळ राजधानी ठरले, आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथील कचेऱ्यांतून कितीतरी मंडळी इकडे बदलून आली. त्याच साली हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली व पुढे पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या वसाहतींत दुसरा ओघ येऊन मिळाला. त्यामुळे बढती, बदली व सेवाज्येष्ठता हे विषय आपल्या घरांत आरतीइतकेच नित्याचे आहेत. सायंकाळी आरती आटोपून मंडळी सभामंडपात टेकली की कोणाची बढती रखडली, कोणाला डावलले, हे बोलणे निघतेच. अशाच एका डावलल्या गेलेल्या ड्रॉइंग मास्तराचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचा विचार आहे. त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. परंतु ते कधी काळी मास्तर होते, हे बहुधा ठाऊक नसते.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी. घरात पोथ्यांचा मान मोठा. पण या मुलाचे चित्त शाळेच्या पुस्तकात रमेना. ते रमे दोनच गोष्टींत : चित्रे काढण्यात आणि यंत्रांत. मुंबईस जाऊन चित्रकला शिकण्याचा बेत त्यांनी केला, तो वडिलांना पसंत नव्हता. प्रस्तुत लेखक पुजाऱ्याचा मुलगा असल्यामुळे, वडिलांच्या विद्येकडे पाठ फिरवणे घरात किती जड जाते याची त्याला थोडी कल्पना आहे. तथापि थोरले बंधू रामूअण्णा यांनी पैशाचा भार उचलला आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

दोन वर्षे शिक्षण झाल्यावर एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना कळतच नव्हता. चित्रकार होऊ पाहणाऱ्याला याहून मोठा आघात तो कोणता! वडिलांचा शब्द मोडून आलेला, भावाच्या पैशावर राहिलेला हा अठरा वर्षांचा तरुण गावी परतला असता तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. पण आपल्याजवळ काय उरले आहे, याचा त्यांनी हिशेब केला. रंग गेले होते, रेषा राहिली होती. यंत्रांच्या आकृत्या काढण्यास रंगांची गरज पडत नाही. म्हणून त्यांनी चित्रकला सोडून यंत्रांच्या रेखाटनाचा अभ्यास पुढे चालू ठेवला, आणि त्याच बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना त्या विषयाच्या साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली.

येथून पुढचा काळ मला या चरित्रातील सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच चरित्रे वाचताना आपण घाईने ओलांडतो. त्यांचे काम फळ्यावर व कागदावर आकृती शिकवण्याचे होते. तास संपला की नोकरी संपली. परंतु त्या संस्थेला जोडून यंत्रशाळा होती, आणि रिकाम्या वेळात लक्ष्मणराव तेथे जाऊन यंत्रे हाताळीत. जी वस्तू आपण कागदावर काढतो ती लोखंडात कशी उतरते, हे त्यांना स्वतःच्या हाताने पाहावयाचे होते. हे करण्यास त्यांना कोणी सांगितले नव्हते, त्याबद्दल पगारात वाढही नव्हती. याच काळात त्यांनी कोटाची बटणे व औषधाच्या गोळ्यांच्या डब्या तयार करून पाहिल्या. परदेशी मालाच्या स्वस्ताईपुढे बटणांचा धंदा काही टिकला नाही.

मुंबईत त्यांनी प्रथमच सायकल पाहिली, आणि ती त्यांच्या मनात भरली. ते मुंबईत सायकली विकत घेत व बेळगावी रामूअण्णांकडे पाठवीत. एकेका सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये, म्हणजे त्या काळी केवढी! रामूअण्णा त्या विकत आणि चालवण्यास शिकवण्याची फी पंधरा रुपये घेत. दोन भावांचे हे दुकान ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाने चालू लागले.

इकडे शाळेत बढतीची वेळ आली. हक्क लक्ष्मणरावांचा होता; जागा दुसऱ्याला मिळाली. त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास आले. हा प्रसंग पुष्कळदा स्वाभिमानाची गोष्ट म्हणून सांगितला जातो, व तशी ती आहेही. पण राजीनामा लिहिणाऱ्या त्या हाताला तोपर्यंत यंत्रांची ओळख झाली होती, आणि बेळगावात दुकान उभे होते, हे सांगावयाचे राहून जाते. यंत्रशाळेतील ते रिकामे तास नसते, तर नुसत्या रागावर संसार चालला नसता. आपल्या ओळखीत रागाच्या भरात कागद टाकून मागाहून पस्तावलेले लोकही आहेत.

बेळगावात त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर तयार करण्यास आरंभ केला. नांगर तयार झाला, घेणार कोण? लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. आज आपण हसू, परंतु ज्याचे वर्षाचे अन्न त्या एका वावरात आहे, त्याने नवी वस्तू घेताना भ्यावे यात नवल नाही. पहिला नांगर खपण्यास तब्बल दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांत लक्ष्मणरावांच्या घरात काय वाटत असेल, हे वाचकांनीच मनाशी आणावे.

धंद्याचा जम बसू लागतो न लागतो तोच नगराच्या वाढीसाठी बेळगावातील त्यांची जागा सोडण्याची पाळी आली. या अडचणीत औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी हात दिला. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे म्हणून ते आपणांस परिचित आहेत. ते स्वतः चित्रकारही होते. रंग न ओळखू शकणाऱ्या माणसाला आधार मिळाला तो एका चित्रकार राजाकडून! त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ बत्तीस एकर जमीन व दहा हजार रुपये कर्ज दिले. जमीन कसली, निवडुंगाचे व सापांचे रान ते. वयाच्या चाळिशीत, सुमारे पंचवीस कामगार व त्यांची कुटुंबे बरोबर घेऊन लक्ष्मणराव तेथे गेले. १० मार्च १९१० ही किर्लोस्करवाडीच्या स्थापनेची तारीख होय.

पुढील इतिहास प्रसिद्ध आहे. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या तोफा मिळवून त्यांचे नांगर ओतले गेले. वाडीत शिवाशीव पाळली जात नसे, आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर नेमण्याचे धैर्य लक्ष्मणरावांनी दाखवले. चिरंजीव शंतनुराव यांना त्यांनी अमेरिकेत यंत्रविद्या शिकण्यास पाठवले. ते १९२६ साली पदवी घेऊन परत आले. पोथीचे घर सोडून निघालेल्या मुलाच्या मुलाने समुद्र ओलांडला, आणि या खेपेस वडिलांचा विरोध नव्हता. पुढे काही काळ लक्ष्मणरावांनी औंध संस्थानचे दिवाणपदही सांभाळले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा नवे राज्य अस्तित्वात येण्यास जेमतेम महिना उरला होता, आणि आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा भोपाळास जाण्यासाठी सामान बांधीत होते. १९६९ च्या जून महिन्यात जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांचे तिकीट काढले. इंदूरला जाताना देवास लागते. तेथे किर्लोस्करांचा पंपांचा कारखाना आहे. पुढच्या खेपेस मुले बरोबर असली, तर गाडीतून तो त्यांना दाखवावा, आणि त्या यंत्रशाळेतील रिकाम्या तासांची गोष्टही सांगावी.