डॉ. सिम्स आणि अनार्का: फिस्टुलाच्या शस्त्रक्रियेची कहाणी

बाळंतपणानंतर योनीमार्गातून वायू सुटू लागला किंवा संडासचा अंश येऊ लागला, तर अनेक स्त्रिया लाजेपोटी ते कोणालाच सांगत नाहीत. योनीमार्ग आणि गुदाशय यांच्यामधल्या पडद्याला छिद्र पडून नको असलेली वाट तयार झाली की असे होते. या आजाराला रेक्टोव्हजायनल फिस्टुला म्हणतात. असेच छिद्र मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यामध्ये पडले, तर लघवी सतत गळत राहते. आज हे दोन्ही आजार शस्त्रक्रियेने दुरुस्त करता येतात. या शस्त्रक्रियेच्या इतिहासात डॉ. जेम्स मॅरियन सिम्स यांचे नाव घेतले जाते. मात्र त्यांचे चरित्र तीन स्त्रियांची नावे घेतल्याशिवाय पूर्ण होत नाही.

सुरुवातीची वर्षे

सिम्स यांचा जन्म 1813 मध्ये अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यात झाला. 1835 मध्ये फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजमधून ते डॉक्टर झाले. गावी दवाखाना सुरू केला, पण पहिले दोन्ही रुग्ण, दोन तान्ही बाळे, दगावली. खचलेले सिम्स अलाबामा राज्यात गेले आणि 1840 मध्ये मॉन्टगोमेरी शहरात स्थिरावले. त्या भागात तेव्हा गुलामगिरी होती. मळ्यांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांवर मालकांची मालकी असे.

अनार्काचे बाळंतपण

1845 मध्ये सिम्स यांना एका अडलेल्या बाळंतिणीसाठी बोलावणे आले. अनार्का ही सुमारे 17 वर्षांची गुलाम मुलगी तीन दिवस कळा सोसत होती. सिम्स यांनी चिमटा लावून बाळ बाहेर काढले. काही दिवसांनी तिचा लघवी आणि संडास या दोन्हींवरचा ताबा गेला. तिला मूत्राशयाचा आणि गुदाशयाचा, असे दोन्ही फिस्टुला झाले होते.

असे का होते? बाळाचे डोके दीर्घकाळ अडकून राहिले की आईच्या कटीच्या हाडांवर मधले मऊ भाग दाबले जातात. त्यांचा रक्तपुरवठा तुटतो, तो भाग मरतो आणि काही दिवसांनी गळून पडतो. तिथे छिद्र राहते. यात त्या स्त्रीचा काहीही दोष नसतो.

चार वर्षांचे प्रयोग

सुरुवातीला सिम्स यांनी हा आजार असाध्य मानला. पुढे घोड्यावरून पडलेल्या एका स्त्रीला तपासताना त्यांच्या लक्षात आले, की गुडघे आणि छाती टेकवून ओणवे ठेवल्यास योनीमार्गात हवा शिरते आणि आतला भाग स्पष्ट दिसतो. त्यांनी चमचा वाकवून बेट्सी नावाच्या गुलाम स्त्रीला तपासले आणि फिस्टुला नीट दिसला. आज आपल्याकडेही स्त्रीरोगतज्ज्ञ वापरतात तो सिम्स स्पेक्युलम इथूनच आला.

त्यांनी घराच्या अंगणात छोटे रुग्णालय उभारून अनार्का, बेट्सी, ल्यूसी आणि इतर काही गुलाम स्त्रियांना तिथे ठेवले. पहिली शस्त्रक्रिया ल्यूसीवर झाली. लघवी बाहेर येण्यासाठी ठेवलेल्या स्पंजमुळे तिला गंभीर जंतुसंसर्ग झाला आणि ती मरता मरता वाचली. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया फसत गेल्या. मदतीला येणारे डॉक्टर कंटाळून निघून गेले, तेव्हा या स्त्रियाच एकमेकींच्या शस्त्रक्रियेत मदत करू लागल्या.

रेशमी टाक्यांभोवती सूज येते हे पाहून सिम्स यांनी चांदीची तार वापरली. 1849 मध्ये अनार्काची तिसावी शस्त्रक्रिया यशस्वी झाली. या सर्व शस्त्रक्रिया भूल न देता झाल्या. 1846 पासून इथरची भूल उपलब्ध होती, तरीही ती वापरण्याइतक्या या वेदना मोठ्या नाहीत, असे सिम्स यांचे मत होते. मालकांची परवानगी घेतली गेली. पण गुलाम स्त्रीला नकार देण्याचा अधिकारच नव्हता.

कीर्ती आणि वाद

1852 मध्ये सिम्स यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. 1855 मध्ये त्यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांचे रुग्णालय सुरू झाले. पुढे युरोपातही त्यांचे नाव झाले. 1883 मध्ये त्यांचे निधन झाले. न्यूयॉर्कमध्ये उभारलेला त्यांचा पुतळा 2018 मध्ये सेंट्रल पार्कमधून हटवण्यात आला. 2021 मध्ये मॉन्टगोमेरीत अनार्का, बेट्सी आणि ल्यूसी यांचे पुतळे उभे राहिले.

आज रुग्णाने काय लक्षात ठेवावे?

गुदाशयाचा फिस्टुला इतर कारणांनीही होतो. बाळंतपणात गुदद्वारापर्यंत फाटलेली जखम नीट न भरणे, त्या भागातील गळू, क्रोन्स हा आतड्याचा आजार, गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी दिलेले रेडिएशन किंवा ओटीपोटातील शस्त्रक्रिया ही त्यांतली काही. तपासणीत छिद्राची जागा, आकार आणि गुदद्वाराच्या स्नायूची स्थिती पाहतात. गरज पडल्यास एमआरआय किंवा सोनोग्राफी करतात.

सूज आणि पू असताना घाईने टाके घातले तर ते सुटतात. म्हणून आधी संसर्ग आटोक्यात आणतात आणि काही आठवडे किंवा महिने थांबतात. छोटे छिद्र कधी कधी आपोआपही भरते. नाही भरले, तर गुदाशयाच्या आतल्या निरोगी आवरणाची झडप सरकवून छिद्र झाकतात. स्नायू फाटला असेल तर तोही जोडतात. अवघड किंवा पुन्हा झालेल्या फिस्टुलात जवळचा मांसल भाग मध्ये बसवतात. छिद्र वरच्या बाजूला असेल तर पोटातून शस्त्रक्रिया करावी लागू शकते. काहींना जखम भरेपर्यंत पोटावर तात्पुरता शौचमार्ग, म्हणजे स्टोमा, करावा लागतो.

पहिल्या प्रयत्नात यश आले नाही तरी पुढचे मार्ग असतात. मात्र प्रत्येक वेळी भूल कोणती, यशाची शक्यता किती, दुसरा पर्याय आहे का, हे विचारणे तुमचा हक्क आहे. समजून घेऊन हो म्हणण्याचा किंवा नकार देण्याचा हा हक्क अनार्काला नव्हता. लक्षणे लपवू नका. घरातील कोणा स्त्रीला हा त्रास असेल, तर तिला दोष न देता सोबत घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा सर्जनकडे जा.