कोडावर उन्हाचे औषध देणारा हकीम

इब्न अल-बैतार म्हणजे गुरांच्या वैद्याचा मुलगा. जन्म स्पेनमधल्या मलागाचा, ११९७च्या सुमाराचा. सेविलच्या रानात गुरू अबुल अब्बास अन-नबातींच्या मागे फिरून ते वनस्पती ओळखायला शिकले. १२२०च्या आसपास घर सोडले आणि उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याने पूर्वेकडे निघाले. पुढे इजिप्तचे सुलतान अल-कामिल यांनी त्यांना औषधी वनस्पतींचे प्रमुख नेमले.

त्यांच्या मोठ्या ग्रंथात सुमारे १४०० औषधांची आणि खाद्यपदार्थांची अक्षरवार नोंद आहे. ग्रीक डायोस्कोरिडीज, गॅलेन यांना मान आहे, पण कोण कुठे चुकला तेही ते स्पष्ट सांगत. दमास्कसभोवतीच्या माळावर शिष्य इब्न अबी उसैबिया सोबत असे.

त्यातली एक नोंद ‘आत्रिलाल’ या झुडपाची. बिजायाच्या मुलखातली एक बर्बर टोळी त्याच्या बियांनी कोड बरे करी आणि झाड कोणते ते कुणाला सांगत नसे. इब्न अल-बैतारांनी ते गुपित लिहून ठेवले: बियांची पूड पोटात घ्यायची आणि डाग उघडे ठेवून उन्हात बसायचे. डागांवर फोड येतात, मग हळूहळू रंग परततो.

आजाऱ्याला रमजानचे रोजे पुढे ढकलता येतात. पण कोड दुखत नाही, ते लोकांच्या नजरेत सलते. कोड संसर्गजन्य नाही, तरी त्या माणसासोबत एका ताटात इफ्तार करायला आजही काही जण कचरतात. लग्न जमवताना काय होते, ते सगळ्याच धर्मांच्या घरांना ठाऊक आहे.

इब्न अल-बैतार १२४८मध्ये दमास्कसला वारले. त्यानंतर सातशे वर्षांनी, १९४७मध्ये, इजिप्तच्या संशोधकांनी त्याच बियांतून प्रकाशाने जागे होणारे द्रव्य वेगळे काढले. ते सोरालेन कुळातले. हे नाव आले बावचीच्या शास्त्रीय नावावरून, आणि बावची तर आपल्या वैद्य-हकिमांच्या जुन्या ओळखीची. (घरी प्रयोग नको, कातडी भाजते.)

अंधारात हे द्रव्य जवळपास निष्क्रिय असते. अतिनील किरण पडले की ते पेशीच्या डीएनएला चिकटते आणि तिची वाढ रोखते. म्हणून त्वचेत पसरणाऱ्या एका लिम्फोमा कर्करोगावरही ते वापरतात. त्याच्या एका उपचारात रुग्णाचे थोडे रक्त बाहेर काढतात, त्यातल्या पांढऱ्या पेशींना औषध आणि प्रकाश देतात व पुन्हा शरीरात सोडतात. मेंदूच्या शस्त्रक्रियेत निळ्या प्रकाशाखाली गाठ लाल चमकवणारे औषध वेगळे, पण तेही काम करते प्रकाशाच्याच जोरावर.