सुवर्ण जिंकून देणाऱ्या देयनाची घरच्यांनीच हुर्यो का उडवली?

१९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये पोलंडने फुटबॉलचे सुवर्ण जिंकले. अंतिम सामन्यातले पोलंडचे दोन्ही गोल मिडफिल्डर काझिमेश देयनाचे. १९७७मध्ये खोझुफला पोर्तुगालविरुद्ध त्याने कॉर्नरवरून थेट गोल केला, पोलंड विश्वचषकाला पात्र ठरला. तरी प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. कारण? तो वॉर्साच्या लेगिया क्लबचा, प्रेक्षक सायलेशियाचे! विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्ध त्याची पेनल्टी अडवली गेली. कम्युनिस्ट राजवट ऐन उमेदीतल्या खेळाडूंना परदेशी सोडत नसे. मँचेस्टर सिटीला तो पोहोचला तो ३१व्या वर्षी. फार उशीर झाला होता. पुढे अमेरिकेत, सॅन दिएगोत खेळला. तिथेच १९८९मध्ये मोटार अपघातात गेला. २०१२मध्ये त्याचे अवशेष वॉर्सात आणले. लेगियात १० क्रमांकाची जर्सी आता कुणालाच देत नाहीत.