महर्षी अण्णासाहेब कर्वे : निवृत्तीनंतरची अठ्ठेचाळीस वर्षे

नोकरीतून निवृत्त झालेल्या मनुष्याने सकाळी उठून जावयाचे कोठे, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु ज्यांच्यावर तो प्रसंग आला आहे, त्यांस त्याचे दुःख ठाऊक आहे. शाळा सुटल्यानंतर पहिले काही महिने प्रस्तुत लेखकही साडेदहाच्या सुमारास उगाच घड्याळाकडे पाहत असे. सिद्धेश्वर तलावाच्या काठी फिरावयास येणाऱ्या आपल्या ज्ञातीतील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातही गुडघेदुखी आणि रक्तदाब यांपेक्षा हीच खंत अधिक आढळते. अशा वाचकांपुढे कै. धोंडो केशव कर्वे यांचे उत्तरायुष्य ठेवावे, म्हणून हा अल्प प्रयत्न.

अण्णासाहेबांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात झाला. बाळपण मुरूड येथे गेले. देहयष्टी लहानखुरी. शाळेत असताना परीक्षेस बसण्यासाठी हा मुलगा सोबत्यांसह घाट चढून, सुमारे शंभर मैलांची वाट पायी तुडवीत साताऱ्यास गेला. आणि वयाने लहान दिसतो एवढ्याच कारणाने त्यास परत पाठविण्यात आले! त्या निराशेविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला मात्र त्या पायांचे अधिक नवल वाटते, कारण पुढे तेच पाय त्यांच्या कामी आले.

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते १८९१ पासून गणित शिकवीत. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला व त्यापायी स्वजनांचा बहिष्कार सोसला. १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. तो पुढे शहराबाहेर हिंगण्यास गेला, तेव्हा दिवसभर महाविद्यालयात शिकवून सायंकाळी कित्येक मैल चालत तेथे जावयाचे, आश्रमातील मुलींस शिकवावयाचे व सकाळी पुन्हा चालत पुण्यास यावयाचे, असा त्यांचा क्रम होता. पावसाळ्यात वाटेवर चिखल असे. वैद्य आज ज्यास व्यायाम म्हणून फिरावयास सांगतात, ते अण्णासाहेबांस कामासाठी करावे लागले. चालण्यासाठी वेगळा वेळ काढण्याची गरजच पडली नाही.

१९१४ मध्ये ते महाविद्यालयातून निवृत्त झाले, तेव्हा वय ५६. येथे बहुतेकांचे चरित्र संपते. त्यांचे मात्र दोनच वर्षांनी, १९१६ मध्ये, नव्याने सुरू झाले. स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ त्यांनी अगदी मूठभर विद्यार्थिनींवर सुरू केले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यास पंधरा लक्ष रुपयांची देणगी देऊ केली. तोवर निधीसाठी गावोगाव हिंडणे अण्णासाहेबांच्याच वाट्यास होते.

१९२९ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, ते जगप्रवासास निघाले. युरोप, अमेरिका, जपान असा हा प्रवास. ठिकठिकाणी व्याख्याने देऊन त्यांनी आपले कार्य परक्यांस समजावून सांगितले. बर्लिनमध्ये आइन्स्टाइन यांची भेट झाली. परत येऊन वर्षही लोटले नाही तोच ते आफ्रिकेस गेले. आपल्यापैकी कित्येकांस सोलापुराहून पुण्यास मुलाकडे जावयाचे म्हटले तरी आठ दिवस आधी धास्ती वाटते. मीही त्यांतलाच एक!

तथापि मला सर्वांत मोठे वाटते ते १९३६ चे काम. ज्या खेड्यांत शाळा नव्हती तेथे ती काढण्यासाठी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापिले आणि वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पुण्यात घरोघर जाऊन लहानसहान वर्गण्या गोळा केल्या. विद्यापीठाच्या संस्थापकास अशा रीतीने दारोदार हिंडण्याची लाज वाटली नाही. मानपानाचे ओझे बरोबर नसल्यामुळेच त्यांस जिने चढता आले असावेत.

१९४४ मध्ये त्यांनी समता संघ काढला. जातिभेद नाहीसा व्हावा, हा त्याचा हेतू. ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत हे लिहिताना लेखणी किंचित अडखळते. परंतु थोरांचे चरित्र सोयीपुरते सांगणे शिक्षकास शोभत नाही.

त्यांच्या या सतत फिरण्याचा भार घरावर पडला, हेही सांगितले पाहिजे. गोदूबाई, म्हणजेच आनंदीबाई उर्फ बाया कर्वे, यांनी तो वाहिला. त्यांचे ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र आपल्या घरांतील सुनांनी व सासवांनीही अवश्य वाचावे. १९५० मध्ये बाया गेल्या, १९५३ मध्ये थोरले पुत्र रघुनाथराव गेले. दीर्घायुष्याची ही किंमत अण्णासाहेबांसही चुकली नाही.

१९५८ मध्ये शंभरी पूर्ण झाली. त्या वर्षी भारतरत्न हा किताब मिळाला आणि हयातीतच त्यांच्या चित्राचे टपालाचे तिकीट निघाले. पुढेही साडेचार वर्षे ते होते. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या १०४ थ्या वर्षानंतर, पुण्यात त्यांचे देहावसान झाले. ज्या हिंगण्याची वाट ते रोज पायी चालत, त्यास आता कर्वेनगर म्हणतात.