कनु गांधींचा कॅमेरा

मुलांनो, आपल्या पिपरी मेघेपासून सेवाग्राम आश्रम जवळच आहे. तिथली गांधीजींची छायाचित्रे तुम्ही पाहिली असतील. त्यांतली पुष्कळशी कनु गांधी (१९१७–१९८६) यांनी काढली आहेत.

गांधीजींचे चुलत पुतणे नारणदास हे कनुभाईंचे वडील. कनुभाईंना डॉक्टर व्हायचे होते. पण ते आश्रमात आले व लिखापढीची कामे करू लागले. पुढे छायाचित्रांची ओढ लागली. कॅमेऱ्यासाठी उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांनी १०० रुपये दिले.

गांधीजींनी तीन अटी घातल्या. फ्लॅश वापरायचा नाही, छायाचित्रासाठी मुद्दाम बसायला सांगायचे नाही आणि खर्च आश्रमाकडे मागायचा नाही. झोपडीत उजेड तो किती! पण या अटींमुळेच खरे जीवन टिपले गेले. समाजाने दूर लोटलेल्या कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींची गांधीजी सेवा करत आहेत. तिसऱ्या वर्गाच्या डब्याच्या खिडकीतून हरिजन फंडासाठी हात पसरत आहेत.

३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. कनुभाईंच्या पत्नी आभाबेन तेव्हा गांधीजींच्या शेजारी होत्या. कनुभाई मात्र दूर नोआखालीत, दंगलग्रस्तांमध्ये काम करत होते. त्या संध्याकाळी त्यांचा कॅमेरा तिथे नव्हता.