आचार्य विनोबा भावे आणि त्यांची प्रकृती

पोटात दुखते, रात्री झोप लागली नाही, अंगात त्राण नाही, अशा मजकुराच्या चिठ्ठ्या पालकांकडून आमच्याकडे वरचेवर येतात. काही चिठ्ठ्या परीक्षेच्या भयाने लिहिलेल्या असतात हे आम्ही जाणतो. परंतु सर्वच तशा नसतात. या दुखण्याशी आमची स्वतःची ओळखही जुनी आहे. विशीपासून आमचे पोट आमच्याशी फटकून वागत आले आहे. जेवणानंतर छातीत जळजळ, मध्यरात्री जाग, आणि दुपारच्या तासाला हातातील खडूही जड वाटावा अशी ग्लानी, हा आमचा नित्याचा अनुभव. सबब यंदा ज्या थोर पुरुषाचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो, त्यांच्या कार्याइतकेच त्यांच्या प्रकृतीकडेही पाहण्याचा आमचा विचार आहे.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ता. 11 सप्टेंबर 1895 रोजी त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील गागोदे या खेड्यात झाला. वडील बडोद्यास असत. मुलाचे शिक्षणही तेथेच झाले. इ. स. 1916 मध्ये इंटरच्या परीक्षेकरिता म्हणून मुंबईस निघालेला हा तरुण सुरतेस गाडीतून उतरला व काशीस गेला. पुढे त्याच वर्षी ता. 7 जून रोजी अहमदाबादेजवळील कोचरब आश्रमात गांधीजींची व त्यांची प्रथम भेट झाली, आणि विनायकाचे विनोबा झाले.

आश्रमातील कष्ट त्या कृश देहास फार दिवस मानवले नाहीत. प्रकृती ढासळली तेव्हा, म्हणजे 1917 साली, त्यांनी गांधीजींकडून एक वर्षाची रजा मागून घेतली व ते वाईस नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी अध्ययनास राहिले. रजा प्रकृतीकरिता होती हे ते विसरले नाहीत. आरंभी रोज दहाबारा मैल चालावे, पुढे सहा ते आठ शेर धान्य जात्यावर दळावे, नंतर तीनशे सूर्यनमस्कार घालावे, असा क्रम त्यांनी वाढवीत नेला. आहाराचेही प्रयोग केले. मसाले सोडले, एक महिना तर केळी, लिंबू व दूध एवढ्यावरच काढला. तेणेकरून शक्ती कमी झाली, आणि ही गोष्ट त्यांनी गांधीजींना पाठविलेल्या आपल्या वर्षाच्या हिशेबात न लपविता लिहिली. आपला फसलेला प्रयोग वडिलांस किंवा गुरूस असा सरळ कळविणारे विद्यार्थी आम्ही थोडेच पाहिले आहेत. वर्ष पुरे झाले त्या दिवशी ते आश्रमाच्या दारात हजर होते.

वर्धा येथील आश्रम, नागपूरचा झेंडा सत्याग्रह, धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली झालेली गीतेवरील प्रवचने व साने गुरुजींनी ती उतरून घेतली ती हकीकत, हे सर्व आमचे वाचक इतरत्र वाचतीलच. आम्हांस थांबावयाचे आहे ते त्यानंतरच्या काळाशी.

तुरुंगातून सुटल्यावर विनोबा वर्ध्याजवळील नालवाडीस राहिले. मजुराने सूत कातून जी मजुरी मिळवावी तीतच त्याचे पोट भरते की नाही, हे स्वतः मजूर होऊन पाहावे असे त्यांनी ठरविले. मग तासन् तास कातणे, आणि मजुरीत बसेल तेवढेच खाणे. हेतू उदात्त होता यात शंका नाही. परंतु आमचे मत विचाराल तर आधीच दुबळे असलेल्या पोटावर हा अन्याय होता. थोर माणसांची चरित्रे सांगताना त्यांच्या चुका गाळण्याची आपल्याकडे चाल आहे. ती आम्हांस मान्य नाही. 1938 साली त्यांचे वजन अवघे 88 पौंड भरले. पंचेचाळिशीही न गाठलेल्या पुरुषाचे हे वजन!

गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून घेतले. वैद्य-डॉक्टरांच्या स्वाधीन व्हावे, थंड हवेच्या ठिकाणी जावे, असा त्यांचा आग्रह होता. विनोबांनी निवडले ते मात्र वर्ध्यापासून थोड्याच मैलांवरचे पवनार. तेथे धाम नदीच्या काठी टेकाडावर जमनालालजी बजाज यांचा बंगला होता. आश्रमाच्या सर्व चिंता मागे ठेवून जावे, एवढ्या अटीवर गांधीजींनी रुकार दिला. मोटार धाम नदीच्या पुलावर आली तेव्हा आपण सर्व कामांचा त्याग केला, असे विनोबांनी मनाशी तीन वेळा म्हटले आणि ते खरे करून दाखविले. पत्रे नाहीत, वादविवाद नाहीत, संस्थेची काळजी नाही.

रिकाम्या मनाला हाताचे काम हवे म्हणून त्यांनी बंगल्याभोवतालची जमीन खणावयास घेतली. पहिल्या दिवशी कुदळ चालली ती केवळ पाच मिनिटे. पुढे रोज थोडी थोडी वाढ. एखाद्या तरुणास याचे हसू येईल. परंतु ज्यास दीर्घ अशक्तपणा म्हणजे काय ते ठाऊक आहे, त्यास या पाच मिनिटांचे मोल कळेल. बरे वाटले त्या दिवशी चार दिवसांचे काम उरकावे आणि मग आठ दिवस अंथरूण धरावे, ही दुर्बळ माणसाची नेहमीची फसगत. आम्हीही तीत पुष्कळदा सापडलो आहो. विनोबा सापडले नाहीत. खणतानासुद्धा मधून मधून ते काही क्षण थांबत. असे करीत करीत काम दोन तासांवर गेले, आणि काही महिन्यांत वजन 88 पौंडांवरून 128 पौंडांवर आले. त्याच जमिनीत पुढे भरत-रामाच्या भेटीची एक प्राचीन शिल्पमूर्ती सापडली.

तथापि ते पूर्ण निरोगी झाले असे समजू नये. त्यांना लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात व्रण होता. यालाच आज सर्वत्र अल्सर म्हणतात. या व्रणाची वेदना बहुधा पोट रिकामे झाले म्हणजे उठते व रात्री झोपेतून जागे करते; झोप मोडली की दुसरा दिवस थकव्यात जातो. विनोबांनी आपल्या आहाराचा मेळ याच्याशी घातला. दही, दूध, मध किंवा गूळ असे मोजके पदार्थ, एका वेळी थोडे, परंतु दिवसातून अनेक वेळा. रात्री लवकर निजावे व पहाटे तीनच्या सुमारास उठावे, हा नेम ते कटाक्षाने पाळीत.

अशा पोटाचा हा मनुष्य 1951 च्या मार्चमध्ये वर्ध्याकडून पायी निघून हैदराबादजवळील शिवरामपल्लीस गेला. ता. 18 एप्रिल रोजी नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली येथे भूमिहीनांनी 80 एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी 100 एकर देऊ केली. भूदानाचा आरंभ तो हाच. आमच्या जालन्याच्या मुलांनी येथे लक्षात घ्यावे की, त्या दिवशी नलगोंडा व जालना एकाच हैदराबाद राज्यात होते. तेथून पुढे 1964 पर्यंत हा पुरुष बहुतेक पायीच हिंदुस्थानभर हिंडला. पहाट होण्यापूर्वी निघावे, दहापंधरा मैल चालावे, थोडे दही घ्यावे आणि दुपारी सभेत उभे राहावे. येथेही पवनारचीच रीत होती: रोजचे अंतर बेताचे, परंतु खंड नाही.

एके ठिकाणी मात्र आम्ही त्यांच्यामागे जाण्यास तयार नाही. 1952 च्या डिसेंबरात बिहारमधील चांडिल येथे त्यांना घातक हिवताप झाला, आणि तरी त्यांनी प्रथम औषध नाकारले. पुष्कळांनी विनवल्यावर ते घेतले, म्हणून वाचले. प्रेषित पौलानेदेखील आपला तरुण सहकारी तीमथ्य यास त्याच्या पोटासाठी व वारंवारच्या दुखण्यासाठी व्यवहारी सल्ला पत्रातून दिला होता. देहाची काळजी घेण्यात भक्ती उणी होत नाही. विनोबांनी नव्या करारातील निवडक वचनांचा ख्रिस्तधर्म-सार या नावाचा संग्रह केला होता.

पालकांकरिता आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे. हा व्रण तिखटाने व चिंतेने होतो अशी समजूत फार काळ होती. 1982 साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल या दोन डॉक्टरांनी जठरात राहणाऱ्या एका सूक्ष्म जंतूकडे बोट दाखविले. 2005 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुष्कळशा व्रणांचे कारण हा जंतू असतो, आणि काही वेदनाशामक गोळ्यांचे अतिसेवन हे दुसरे कारण, असे आता ठरले आहे. जंतू असल्यास सुमारे दोन आठवड्यांच्या औषधाने तो बहुधा जातो. तेव्हा ज्या मुलाची पोटदुखी आठवडेच्या आठवडे राहते, वजन घटते किंवा शौचास काळे होते, त्यास दह्यामधावर न ठेवता डॉक्टरांकडे न्यावे. विनोबांना हे ज्ञान उपलब्ध नव्हते.

त्यांचा अंत त्याच 1982 साली झाला. नोव्हेंबरच्या आरंभी हृदयविकाराचा झटका आला. वय 87 होते. आता देहाचे काम संपले असे मानून त्यांनी अन्न, पाणी व औषध सोडले, आणि ता. 15 नोव्हेंबर रोजी पवनारच्या आश्रमात प्राण ठेवला. जमिनीतून निघालेली ती भरत-रामाची मूर्ती त्याच आश्रमात आहे.